पायाखालची कासवं

ऐन विणीच्या दिवसांत मी आमचा किनारा सोडून कुठे जात नाही. मादी कासवं वाळूत अंडी घालून समुद्रात निघून जातात, आणि मागे कुत्री, कोल्हे आणि हॉटेलांचे झगझगीत दिवे यांच्याशी भांडत बसायचं काम आम्हा गावकऱ्यांकडे राहतं. पण मावसबहीण सुनंदाच्या नव्या घराची पायाभरणी होती. तिचा शब्द मोडायची माझी छाती नव्हती. निघाले.

लोणावळ्याला एसटीतून उतरले तर थंडीनं दात वाजत होते. चिक्कीवाल्यांनी मला पर्यटक समजून घेरलं. आमच्या किनाऱ्यावर येणाऱ्यांचं आम्ही काय करतो, ते त्या दिवशी कळलं! तिथून लोकलनं पुढचंच स्टेशन मळवली. भातकापणी होऊन मोकळी पडलेली खाचरं (बांध घातलेली भातशेतं), त्यांच्या मधेमधे कुलपं लावलेले बंगले आणि मागे लोहगड-विसापूर. सुनंदाचा नवरा दत्ताभाऊ असे तीन बंगले सांभाळतो आणि उरलेल्या वेळात शेती करतो. जेवायला इंद्रायणी तांदळाचा गरमागरम, चिकट भात होता. आमच्या लाल तांदळाला मी कधी नावं ठेवत नाही, पण त्या दुपारी फितूर झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा. आखलेल्या पायाच्या कोपऱ्यात खड्डा खणला होता. गुरुजींनी तबकात चांदीचं इवलंसं कासव ठेवलं होतं. घराचा भार कूर्मानं पेलावा म्हणून ते पायात पुरतात. ही रीत आमच्याकडेही आहे. शेजारी लाल फडक्यानं झाकलेली एक बादली होती. खास मला दाखवायचं म्हणून दत्ताभाऊंनी फडकं काढलं आणि आतली ओली वाळू अलगद बाजूला केली.

खाली अंडी होती. पांढरी, गोल, लिंबाएवढी. शिंपल्यांचा चुरा मिसळलेली ती वाळू मी झोपेतही ओळखली असती. समुद्री कासवाची अंडी, मावळात, बादलीत!

बंगल्यांचं वास्तुशास्त्र बघणाऱ्या कुणा माणसानं त्यांना सांगितलं होतं की चांदीच्यापेक्षा जिवंत कासव पावतं. कोकणातून अंडी त्यानंच आणवून दिली. दत्ताभाऊ हे सगळं कौतुकानं सांगत होते. मी खड्ड्यापुढे वाट अडवून उभी राहिले आणि हे मी होऊ देणार नाही म्हणाले. माझा आवाज चढला होता. दत्ताभाऊ गोंधळले.

"तुमी बी वाळूतच पुरता की, ताई. गेल्या साली तुमीच दावलं. हितं तर वरनं स्लॅब पडंल, कुत्रं न्हाई का कोल्हा न्हाई."

"आणि पिल्लं बाहेर कशी येणार?"

"भाईर कशाला यायचं? कासवानं घर धरून ठिवायचं."

माणूस चेष्टा करत नव्हता. गेल्या वर्षी आमच्या किनाऱ्यावरचं अंडी पुरून राखायचं कुंपण पाहून त्यांनी नेमकं एवढंच घेतलं होतं की अंडी पुरतात आणि जपतात.

दत्ताभाऊंची आई मुहूर्त टळतोय म्हणून कुरकुरू लागली. गुरुजी बिचारे हबकले होते. बादलीत नदीची वाळू आहे असंच ते धरून चालले होते. शास्त्राला चांदीचं पुरतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेवढ्यात सुनंदानं कुणालाही न विचारता बादली उचलून माझ्या हातात दिली.

मी वन खात्याला फोन केला. जराही न हलवता अंडी किनाऱ्यावर आणा, असं तिकडून सांगितलं. न हलवता! अंड्यातला जीव एकदा कवचाला चिकटला की ते फिरवूनसुद्धा चालत नाही, आणि ही अंडी डिकीतून धक्के खात घाट चढून आली होती. दत्ताभाऊंनी पूजेच्या सोवळ्यातच गाडी काढली. वाटेत त्यांनी मला विचारलं, इंद्रायणीत सोडली असती तर समुद्राला पोचली नसती का? मी सांगितलं की समुद्र घाटाखाली इतका जवळ असला तरी तुमची नदी त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला जाते. लोणावळ्याच्या उतारावर मागची वाहनं हॉर्न वाजवून शिव्या घालत होती, पण दत्ताभाऊंनी वेग वाढवला नाही. बादली मी मांडीवर धरून बसले होते.

किनाऱ्यावर वन खात्याच्या लोकांनी आमचे जबाब घेतले, अंडी कुंपणात पुरली, आणि दत्ताभाऊ मान खाली घालून परत गेले. त्यानंतर रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, "निगाली का?" मुदत उलटून गेल्यावर आम्ही खड्डा उकरला. सगळी अंडी आक्रसून पिवळी पडली होती. एकातही जीव नव्हता. मी तिथेच वाळूत बसून रडले. इतकी वर्षं मी कासवांचे वैरी मोजत आले होते. त्यांची पूजा करणाऱ्याला त्यात धरावं लागेल असं मनातही आलं नव्हतं.

दत्ताभाऊंना मीच फोन केला. ते हलकेच म्हणाले, "ताई, माज्या भनीचं घर झालं गेल्या वर्सी. त्याच्या पायात बी घातल्यात."

ते लोक राहायला गेले का, एवढंच मी कसंबसं विचारलं.

"व्हय," ते म्हणाले, "लय सुखात हायेत."