साहेबाचं 'नो थँक यू' आणि माझ्या पुरणपोळ्या

ये गं, अशी जवळ बस. आणि आल्याआल्या आजीला हे काय ऐकवतेस? 'नो थँक्स आजी, आय ॲम फुल!' सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं, आणि वर पोट भरलंय म्हणून सांगायचं! अगं, याच वाक्यापायी मी भिवंडीतला एक कारखाना दोन तास अडवून धरला होता. ठाऊक आहे?

तुझी आई तेव्हा पाचवीत. आम्ही भिवंडीतच, टेमघरला राहायचो. तुझे आजोबा एका शेठच्या कारखान्यात हेडक्लार्क होते (म्हणजे, होणार होते). शेठनी विलायतेहून नवा लूम मागवला, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याशिवायच कापड विणणारा, आणि तो बसवायला आला एक गोरा इंजिनियर, पीटरसाहेब. त्याला हॉटेलचं तिखट बाधलं. शेठ आजोबांना म्हणाले, "जोशीबाबू, आज साहब को घर ले जाओ. सादा खाना. चार बजे मशीनचा मुहूर्त आहे, साहब टाइमवर पाहिजे. सगळं नीट झालं, तर हेडक्लार्कची खुर्ची तुमची."

मला इंग्रजीचं भारी वेड. शाळा सातवीपर्यंतच, पण एसटी स्टँडवरून घेतलेलं घरबसल्या इंग्रजी शिकवणारं पुस्तक होतं ना! त्यातला भूक आणि जेवणाचा धडा मी पुरण वाटता वाटता पाठ केला. (त्या पानांना अजून पुरण चिकटलेलं आहे.) सादा खाना कसला? विलायतेचा माणूस काय रोज आपल्या दारात येतो?

साहेब उंबऱ्यातच पोटावर हात फिरवत म्हणाला, "आय ॲम स्टार्व्हिंग!"

पुस्तकातला अर्थ झर्रकन आठवला: मी भुकेने मरत आहे. अगंबाई! नुसतं बोलण्यापुरतं कोणी मरतं का? मी पाट मांडायच्या आधी पोळी तव्यावर टाकली.

पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी घेऊन गेले, तर साहेब म्हणाला, "नो थँक यू, आय ॲम फुल."

वाक्य मला लख्ख कळलं हो! पण पहिल्या 'नको'ला वाढायचं थांबले असते, तर सासूबाई फोटोतून ओरडल्या असत्या. आपल्यात पहिलं 'नको' संस्काराचं, दुसरं लाजेचं, आणि पाहुणा ताटावर दोन्ही हात आडवे धरतो ते खरं. हा तर हात मांडीवर ठेवून बसलेला! वाढली.

"आई, ते नको म्हणतायत," तुझी आई कुजबुजली.

"म्हणू दे. चांगल्या घरचा दिसतो."

आता गंमत ऐक. ताटात काही टाकलं तर यजमानाचा अपमान, असं त्याच्या आईनं त्याला शिकवलेलं. म्हणून तो बिचारा ताट चाटूनपुसून लख्ख करायचा. आणि मला माझ्या आईनं शिकवलेलं, पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये! तो संपवतोय, मी वाढतेय. मी वाढतेय, तो संपवतोय! पाचव्या पोळीला म्हणाला, "आय ॲम स्टफ्ड." हे काही पुस्तकात नव्हतं. पण आवाज असा दाटून आला होता, मला वाटलं त्याला घरची आठवण झाली. वर तूप वाढलं.

सहाव्या पोळीनंतर साहेब उठला, दोन पावलं चालला, दिवाणावर टेकला आणि घोरायला लागला.

तीन वाजले. साडेतीन वाजले. आजोबा त्याच्या कानाशी, "सर! सर, मशीन!" सर कुशीवर वळले.

"हेडक्लार्क राहू दे," आजोबा डोक्याला हात लावून म्हणाले, "आता आहे ती नोकरीही जाते! काय केलंस हे?"

"मी काय केलं? जेवायला वाढलं!"

साडेचारला शेठ स्वतः दारात. हातात मुहूर्ताचा नारळ! त्यांनी दिवाणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "भाभी, मशीन चालू करायची होती. तुम्ही इंजिनियरच बंद केला!"

ओवा आणि गरम पाणी पाजून सहाच्या सुमारास साहेबाला उभं केलं. पोट धरून गेला, पण लूम एका दमात सुरू केला हो! शेठ मात्र खुर्चीचं काही बोलेनात. "साहब जाते वक्त क्या बोलता है, देखते हैं," एवढंच.

आणि जायच्या आधी साहेबानं आम्हा दोघांना गेस्ट हाउसवर जेवायला बोलावलं. स्वतः रांधणार होता! मी सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नाही. टेबलावर लोण्यातले बटाटे, वाफाळलेले मटार, गरम पाव. वासानंच जीव कासावीस.

"आर यू हंग्री?" साहेबानं विचारलं.

मी पदर सावरला आणि पहिलं 'नको' अगदी पुस्तकाबरहुकूम म्हटलं, "नो थँक यू, आय ॲम फुल."

"मी टू," आजोबा म्हणाले.

आणि आम्ही दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसलो.

साहेब म्हणाला, "ऑफ कोर्स!" आणि सगळ्या बशा उचलून आत ठेवून आला. पुन्हा विचारलंच नाही गं! दोन तास लूमबद्दल बोलला. टेबलाखाली आजोबा माझा पाय तुडवतायत, आणि मी हसून, "येस, येस!"

खुर्ची मिळाली बरं का. साहेबानं शेठना सांगितलं म्हणे, जोशींच्या घरी कोणी कोणाचं ऐकत नाही, पण माणसाला उपाशी ठेवत नाहीत.

त्या दिवशी गेस्ट हाउसवरून घरी आले ती चप्पल न काढता स्वयंपाकघरात. सकाळचा भात उभ्याउभ्या ताकात कालवला आणि तोंडात घास कोंबत म्हणाले, "आय ॲम स्टार्व्हिंग!"

तुझी आई वहीतून मान वर न करता म्हणाली, "आई, आज पहिल्यांदा बरोबर म्हणालीस."

तर बाळा, आता पुढच्या वेळी सहा महिने लावू नकोस. लवकर ये. आणि खरंच नको असेल तर ताटावर हात आडवे धर, मी मानेन. फक्त डोळ्यांत मोतीबिंदू झालाय गं, हल्ली मला पाहुण्यांचे हात दिसत नाहीत!