साडेपाचला गरम होणारा डबा

मी तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते. भुताखेतांची पुस्तकं आली की त्यांच्यावर 'लोकसाहित्य'चा नंबर टाकून मी ती कोपऱ्यातल्या कपाटात लावत असे, आणि माझ्या लेखी त्यांची जागा तेवढीच होती. या सदरातले अनुभवही मी त्याच नजरेने वाचत आले — लिहिणारा थकलेला असेल, आजारी असेल, असं म्हणून पान उलटायचं. आता मीच लिहायला बसले आहे. कोणी माझ्याबद्दल तसंच म्हणून पान उलटलं तर माझी तक्रार नाही.

आमचं घर जबलपूरला, मदन महल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. वडील संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत होते. त्यांच्यामागे माझा धाकटा भाऊ नंदू तिथेच लागला, मोजमापाची यंत्रं तपासणाऱ्या सेक्शनमध्ये. आम्हा दोघांचीही लग्नं झाली नाहीत. आई-वडील गेल्यावर घरात आम्हीच उरलो. पुढच्या खोलीत माझी खुर्ची आणि पुस्तकं, मागच्या खोलीत त्याचं टेबल, वायरींची भेंडोळी आणि गिटार.

गिटारचा नाद त्याला चाळिशीनंतर लागला. दुकानातला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन वाजवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह, भंगारातला ट्रान्सफॉर्मर, जवळच्या पाटण गावातल्या एका बंद पडलेल्या टॉकीजमधला स्पीकर असं जमवत त्याने वर्षभरात स्वतःचा अ‍ॅम्प बांधला. पहिल्यांदा चालू केला तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर हललं. फॅक्टरीतून पाचला यायचा, चहा घ्यायचा आणि साडेपाच ते सव्वासहा वाजवायचा. रोज. रविवारी सकाळी अकराला.

मी ते तीन महिने सोसलं. मग एके संध्याकाळी कुणाच्या तरी पुस्तकाची प्रुफं तपासायला घेतली होती, आणि एक ओळ मी चौथ्यांदा वाचत होते. तशीच उठून त्याच्या दारात गेले.

"ताई, काहून एवढी चिडून राहिली? पंधराच मिनिटं तर झाली."

"नंदू, ते सूर सुईसारखे कानात टोचतात. आई गेल्यापासून या घरात शांतता तेवढी उरली आहे. ती तरी राहू दे."

आईचं नाव मी मध्ये आणायला नको होतं.  त्याने हात लांब करून स्विच बंद केला.

पुढे चार महिने त्याच्या खोलीतून फक्त सोल्डरिंगचा वास येत होता. मग एक दिवस त्याने मला बोलावलं. टेबलावर अ‍ॅम्पच्या शेजारी अ‍ॅल्युमिनियमचा एक डबा होता, जाडजूड पुस्तकाएवढा, वर तीन बटणं.

"हा काय टिफिन बनवलास?"

"टिफिनच समज. अ‍ॅम्पचा आवाज आता स्पीकरला जातच नाही, याच्या पोटात जातो. आणि हेडफोन लावला की असं वाटते, समोर स्पीकर वाजून राहिला आहे. तुला त्रास नाही, मला वाजवणं."

"मग खरा आवाज जातो कुठे?"

"गरम होतो न. हात लावून पाह्य."

मी हात लावला. चहा पिऊन नुकत्याच खाली ठेवलेल्या कपासारखा तो डबा ऊबदार होता. असल्या सर्किटला स्पीकर सिम्युलेटर म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच समजलं की माझा भाऊ वाजवतो ते आता या डब्यात जळून जाणार आहे, आणि खरं सांगते... मला बरं वाटलं.

त्याने हेडफोन पुढे केला. "एकदा ऐक न ताई. पाचच मिनिटं."

"उद्या ऐकते रे."

त्याने आणखी दोन-तीनदा विचारलं असेल, मग विचारणं सोडलं. सहा वर्षं मागच्या खोलीतून मला फक्त तारांची टिकटिक आणि ठेक्यावर आपटणारा पाय ऐकू यायचा. ते वाजवणं काय आहे, चांगलं आहे की वाईट, मला माहीत नव्हतं. वाईटच असणार, असं मी धरून चालले होते. त्याने माझी सोय होत होती.

मागच्या दिवाळीनंतर नंदू गेला. फॅक्टरीतच, जेवणाच्या सुट्टीत छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बावन्न वर्षांचा होता.

त्याच्या सेक्शनमधले दुबेजी चौथ्या दिवशी आले होते. नंदूचे एवढे एकच मित्र. ते एका भजन मंडळात गिटार वाजवतात. त्यांनी अ‍ॅम्पची वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढली, गुंडाळून रबर बँड लावला आणि मला दाखवून म्हणाले, "दीदी, अब ये बंद है। डरने का नहीं, कोई छू भी ले तो।" गिटार त्यांनीच पिशवीत घालून कपाटावर ठेवली. हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे.

महिनाभराने, डिसेंबरच्या थंडीत, मी त्या खोलीतली धूळ पुसायला गेले. फडकं फिरवताना डब्याला हात लागला. डबा गरम होता.

खिडकी उत्तरेला, त्यातून ऊन कधीच येत नाही. बाजूचा अ‍ॅम्प बर्फासारखा गार. रबर बँड तसाच. पुढच्या खोलीत जाऊन घड्याळ पाहिलं — पावणेसहा. सातला पुन्हा हात लावला तेव्हा डबा टेबलाइतकाच थंड होता.

मी घाबरले नाही. जे समजत नाही त्याची नोंद ठेवायची, एवढंच मला येतं. घरात ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर होता. साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास तो डब्यावर टेकवायचा आणि वहीत आकडा लिहायचा. पहिल्या दिवशी १०१.४. दुसऱ्या दिवशी १०१. रविवारी संध्याकाळी तो नुसतं 'लो' दाखवत राहिला. मला वाटलं संपलं... पण पुढच्या रविवारी सकाळी अकराला जाऊन पाहिलं, तर शंभर.

तेव्हा मी दुबेजींना फोन केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले आणि थर्मामीटर बघून आधी हसले. "दीदी, बुखार है इसको? क्रोसिन दे दीजिए।" मग पावणेसहाला त्यांनी स्वतः हात लावला आणि हसू थांबलं. खिशातून मीटर काढून त्यांनी डबा चारही बाजूंनी तपासला. झाकण उघडलं. आत बोटाएवढे सोनेरी रेझिस्टर, बाकी थोडेसे सुटे भाग. बॅटरी नाही, काही नाही.

"अट्ठाईस साल से यही काम कर रहा हूँ," ते म्हणाले. "करंट हो तो मीटर बताता है। इधर ज़ीरो है, और हाथ को गरम लग रहा है।"

"त्याने कधी रेकॉर्डिंग केलं होतं का हो? मोबाइलवर, कुठे?"

"नहीं। मैंने कितनी बार बोला, नंदू भैया, सुनाओ तो सही। बोलते थे, पहले दीदी सुनेगी, फिर तुम।"

मी खाली बसले. त्यांनी बहुधा ते पाहिलं नाही. ते टेबलाच्या खणात सापडलेली नंदूची वही चाळत होते. एका पानावर बोट ठेवून त्यांनी वही माझ्यापुढे केली. नंदूच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'ताईला टोचतं. पाच हजार हर्ट्झच्या वरचे सगळे उंच सूर कापणे. तिसरं बटण फक्त त्यासाठी.' खाली तारखा होत्या, आणि प्रत्येकीपुढे 'अजून टोचेल', 'अजून टोचेल', 'थोडं बरं'. शेवटची तारीख दिवाळीच्या आठवड्यातली.

"ये तीसरा बटन किसी सर्किट में नहीं होता दीदी," दुबेजी म्हणाले. "ये आपके कान के लिए है।"

"आता काय करू मी?"

"देखिए... गरम है मतलब कोई बजा रहा है। मैं नहीं बोल रहा, साइंस बोल रहा है। और बजा रहा है तो हेडफोन में आएगा।" त्यांनी खिळ्यावरच्या हेडफोनकडे पाहिलं.

"तुम्हीच लावून बघा न."

"ना ना। मेरा नंबर बाद में है।" झाकण बसवून ते निघालेच. मी केलेला चहा तसाच राहिला.

त्यानंतर अठरा दिवस मी हेडफोन लावला नाही. रोज जायचे, थर्मामीटर टेकवायचे, आकडा लिहून परत यायचे. मला भुताची भीती नव्हती, नंदूची तर नाहीच. भीती होती ती याची, की वाजवणं चांगलं निघालं तर? सहा वर्षं पलीकडच्या खोलीत कोणीतरी चांगलं वाजवत होतं आणि मी ते डब्यात जाळायला लावलं, हे मग मला कळणार होतं. न ऐकता मी निदान 'असेल काहीतरी' म्हणू शकत होते.

पण वहीतले आकडे उतरत होते. ९९. ९७.६. ९५. नव्वदच्या खाली थर्मामीटर काही सांगत नाही. ज्या दिवशी ९१.२ आला, त्या दिवशी मला समजलं की आता 'उद्या' म्हणायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी पाच-पस्तीसला मी गेले. थर्मामीटर नेला नाही. तळहात ठेवला; ऊब होती, अगदी कमी, पण होती. हेडफोन खिळ्यावरून काढला, डोक्यावर चढवला. त्याच्या वायरीचं टोक लावायला डबा फिरवून मागची बाजू पुढे आणायची होती.

आणि इथे मी ते केलं.

फॅक्टरीतल्या माणसाच्या घरात आम्ही वाढलो. मिक्सर असो, इस्त्री असो, हीटर असो, वडिलांचा एकच नियम होता: आधी वायर काढायची, मग वस्तूला हात लावायचा. विसरलं की पाठीत धपाटा. पन्नास वर्षांत मी वायर न काढता एकही वस्तू जागची हलवलेली नाही. डब्याच्या मागून एक जाड काळी वायर अ‍ॅम्पकडे जात होती. डबा फिरवण्याआधी माझ्या उजव्या हाताने ती ओढून काढली. मी विचारसुद्धा केला नाही... हाताने ते आपोआप केलं.

मग त्याच रिकाम्या झालेल्या छिद्रात हेडफोनचं टोक बसवलं. नीट बसलं. मी डोळे मिटून वाट पाहत राहिले. कानात माझाच श्वास होता.

डब्यावर हात ठेवला तर ऊब जात होती. रोज गार व्हायला त्याला वेळ लागायचा. त्या दिवशी बोटांखालून कोणीतरी काढून घ्यावी तशी ती गेली. मी घाईघाईने चष्मा लावून पाहिलं. मागे दोन छिद्रं होती, दोन्ही सारखीच. पांढऱ्या रंगाने त्याने नावं लिहिली होती. ज्यातून मी वायर ओढली त्यावर 'अ‍ॅम्प'. दुसऱ्यावर 'कान'.

वायर परत लावली. टोक 'कान'मध्ये घातलं. सव्वासहापर्यंत उभी राहिले, मग सातपर्यंत. दुसऱ्या दिवशीही, त्यानंतरच्या रविवारीही. डबा पुन्हा कधीच गरम झाला नाही.

नंदूने हेडफोन पुढे केला होता तेव्हा मी एकदा जरी तो लावला असता, तर कुठलं छिद्र कशाचं हे मला माहीत असतं.

दुबेजींना सगळं सांगितलं.  ते हळूच म्हणाले, "दीदी, आप अपने को दोष मत दीजिए। वायर निकालने से क्या होगा? उसमें करंट तो था ही नहीं।"

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. अ‍ॅम्प बंद होता, गिटार कपाटावर पिशवीत होती, त्या वायरीतून काहीच जात नव्हतं; त्यांच्या मीटरने तसं दाखवलंही होतं. मग मी ती काढल्याबरोबर थांबलं ते काय?   माझ्याजवळ वहीतले आकडे आहेत, आणि ते एका म्हातारीने तापाच्या थर्मामीटरने घेतलेले आहेत.

साडेपाचला मी अजून त्या खोलीत जाऊन बसते. पुस्तक नेत नाही.