लोणावळ्याचा बंगला नाकारून शिंपल्यांच्या मागे पाच दिवस

माझ्या साठीला मुलाने लोणावळ्यात दोन रात्रींसाठी बंगला बघितला होता. पोहायला तलाव, रात्री शेगडीवर भाजाभाजी, केक, सगळं त्यातच. अमोलने मोबाइलवर फोटो दाखवले. किती पडतील, मी विचारलं. त्याने सांगितलं. मी म्हटलं, त्याच्या निम्म्यात मोत्यांच्या शेतीचं प्रशिक्षण होतं, मला तेच दे. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. सून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे बघून गेली.

माझी ओळख नसलेल्यांसाठी सांगते. मी निवृत्त नर्स. सगळी नोकरी मावळातल्या आरोग्य उपकेंद्रांत गेली. आता घोरावाडी स्टेशनजवळ मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. मळवलीला माझी थोडी जागा आहे, तिथे दोन खोल्या आणि सिमेंटची एक मोठी टाकी. मी आणि माझ्या मिस्टरांनी ती भाजीपाल्यासाठी बांधली होती. ते गेले, भाजी बंद झाली, टाकीत शेवाळ माजलं. शेजारच्या दोन्ही जागांवर आता सुट्टीचे बंगले आहेत. अमोलने एका एजंटाशी बोलून ठेवलं होतं की आमचीही जागा भाड्याने द्यायची, खोल्या रंगवायच्या आणि टाकीला निळ्या फरशा लावून स्विमिंग पूल करायचा. मला हे सगळं ठरल्यावर कळलं. सातबारा माझ्या नावावर आहे, हे बहुतेक सगळे विसरले होते.

मोत्यांचं मी आधीपासून वाचत होते. नदी-धरणातल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्याचं तोंड जरासं उघडून आत छोटा साचा ठेवतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. वर्ष-दीड वर्षात शिंपला त्या साच्यावर चकाकीचे थर चढवतो. त्या मजकुरात ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द आला आणि मी उठून बसले. ते मला येतं.

पहिला दिवस, लोणावळा

डिसेंबरातला सोमवार. घोरावाडीहून सकाळची लोकल घेतली, डबा अर्धा रिकामा. कोणी जाणार असाल तर सकाळचीच गाडी धरा, कारण दुपारी या मार्गावर लोकलला बराच वेळ खंड असतो. याचा फटका मला दुसऱ्याच दिवशी बसला, ते पुढे येईलच. कामशेत गेलं की थंडी अंगाला लागते, स्वेटर जवळ ठेवा. लोणावळ्याला स्टेशनबाहेर मिसळ खाल्ली आणि खंडाळ्याच्या वाटेवरच्या शेडपर्यंत रिक्षा केली. रिक्षाचे पैसे बसायच्या आधी ठरवा. सहलीला आलेले समजून वाट्टेल तो आकडा सांगतात. मी मावळचीच आहे म्हटल्यावर तो पन्नास रुपयांनी खाली आला.

शेडमध्ये आम्ही बाराजण होतो, त्यात माझ्या वयाचं कोणी नव्हतं. शिकवणारे सर चाळिशीचे, बोलण्यात पटाईत. दुपारपर्यंत ते फक्त मिळकतीबद्दल बोलले. शिंपले आम्ही देऊ, साचे आम्ही देऊ, तयार मोती आम्हीच परत घेऊ. मी हात वर करून विचारलं की शस्त्रक्रियेनंतर मरतात किती. सर हसले. आजी, निगेटिव्ह विचार करू नका, म्हणाले. मी तासाभराने पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी चहाची सुट्टी दिली.

प्रात्यक्षिकाला सरांनी सगळ्यांना हत्यारं दिली आणि मला म्हणाले, आजी तुम्ही नुसतं बघा, हात थरथरतील. मी बघितलं. एकाच बादलीत बुडवलेला चिमटा या शिंपल्यातून त्या शिंपल्यात जात होता. एका मुलाने तोंड इतकं फाकवलं की आतला स्नायू फाटल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. मी उठले, चहावाल्याच्या शेगडीवर भांडं ठेवलं आणि माझ्या वाट्याची हत्यारं उकळायला टाकली. सर चिडले.

“हे काय हॉस्पिटल आहे का, आजी?”

“ज्याला चिरायचंय त्याच्यासाठी आहे,” मी म्हटलं.

मग मी शिंपला हातात घेतला. जेमतेम करंगळीच्या नखाएवढं उघडायचं, त्याहून जास्त नाही. कवचाला चिकटलेला पातळ पडदा अलगद सोडवायचा, साचा मध्ये सरकवायचा, तोंड उघडं धरणारी खुंटी काढायची. शिंपला स्वतःहून मिटला. हात थरथरला नाही. चौतीस वर्षं तान्ह्या पोरांच्या दंडात सुया टोचल्यात, तो थरथरणार कुठला.

शेडच्या मागे टाक्या धुणारी एक बाई हे सगळं बघत होती. मंगल तिचं नाव, पंचेचाळीसच्या आसपास, खंडाळ्याला राहते. हात धुवायला गेले तेव्हा तिने मला खुणेने मागे नेलं. तिथे खड्ड्यात कवचांचा ढीग होता आणि नाक धरावं असा वास.

“सर सांगत न्हाईत किती मरत्यात. पाट्या मी वाहते,” ती म्हणाली. “तुमचा हात चांगला हाय, बाई. पन हितलं शिंपलं घेऊ नगा. आठ-आठ दिस पिशवीत पडल्यालं असत्यात.”

तिच्याशी बोलताना कळलं की सर विकतात ते चांगले मोती खरं तर हीच घडवते. तिला पगार टाक्या धुण्याचा मिळतो. उद्या तिची सुट्टी होती. मी विचारलं, माझ्याबरोबर येशील का, टाकी माझी, काम दोघींचं, निघेल ते निम्मं निम्मं. तिने पदराला हात पुसले आणि किती वाजता ते विचारलं.

संध्याकाळी सरांनी शिंपले-साच्यांचं किट घेण्यासाठी सह्यांचा कागद फिरवला. मी सही न करता पुढे सरकवला. रात्र खंडाळ्याला मंगलकडे काढली.

दुसरा दिवस, पवनेचं पाणी

लोणावळ्याहून कामशेतपर्यंत लोकल, तिथून पवनानगरला जाणारी शेअर जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेवढ्यात स्टेशनसमोर वडापाव होतो. मंगलच्या ओळखीचे एक आबा धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करतात. मासेमारांच्या संस्थेचे सभासद आहेत, म्हणून त्यांच्याकडूनच घ्यायचे. आपण जाऊन पाण्यात हात घालायचा नाही.

आबा काठावर जाळं दुरुस्त करत बसले होते. शिंपल्यांचं नाव काढताच त्यांनी मान हलवली. गेल्या साली पुण्याहून लोक आले, पोती भरभरून नेली, मोठं-लहान काही बघितलं नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर एका अख्ख्या काठाला शिंपला दिसला नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही द्याल तेवढेच घेते. ते बराच वेळ गाठी मारत राहिले.

“तळहातापेक्षा ल्हान त्याला हात लावायचा न्हाई,” शेवटी म्हणाले. “आन एका जागचं समदं उचलायचं न्हाई. कबूल असंल तर मी काढतो. न्हाईतर आलात तसं जावा.”

कबूल होतं. आबा मांडीभर पाण्यात पायाने चाचपत फिरले आणि एकेक शिंपला काढत गेले. दीडशेपर्यंत निघाले. मंगलने प्रत्येक कानाशी नेऊन टिचकी मारली, तरी उघडे राहिलेले, म्हणजे मेलेले, परत दिले. ओल्या गोणपाटात दोन गाठोडी बांधली. भाव आबांनी सांगितला तोच दिला.

काठावरून डोंगराची सावली पाण्यात पूर्ण उतरलेली दिसते. सहलीला जाल तर तंबू बरेच आहेत. मला मात्र पाण्यापेक्षा गोणपाट वाळतंय का तेच दिसत होतं.

कामशेतला परत पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता आणि मळवलीला जायला लोकल नव्हती. रिक्षावाल्यांना ओली गाठोडी नको होती. एकाने वास घेऊन नाक मुरडलं आणि मासे बसवत नाही म्हणाला. स्टेशनच्या नळावर आम्ही गोणपाट दोनदा भिजवलं. ऊन डिसेंबरचं असलं तरी ऊनच. शेवटी मंगलने रस्त्यावर उभं राहून पॉलिहाऊसचा गुलाबांचा टेम्पो थांबवला. मागे फुलांच्या पाण्याच्या बादल्या होत्या, काही रिकाम्या. मी चालकाला खरं तेच सांगितलं, की यात जिवंत जनावरं आहेत, तासाभरात पाण्यात गेली नाहीत तर माझी मेहनत गेली. त्याने बादल्यांत स्वच्छ पाणी भरून दिलं आणि मळवलीच्या फाट्याऐवजी थेट माझ्या दारात सोडलं. पैसे घेतले नाहीत. लग्नाला एक मोती द्या म्हणाला. कुणाचं लग्न ते विचारायचं राहिलं.

तिसरा दिवस, मळवली

आणल्याबरोबर चिरायचं नसतं. शिंपल्यांना दोन दिवस पाण्यात निवांत ठेवलं की त्यांचा स्नायू सैल पडतो. माझी टाकी जुनी, सिमेंटचा चुना केव्हाच निघून गेलेला, पाण्याला हिरवट झाक. नव्या टाकीत टाकलेत तर मरतील, आधी महिनाभर पाणी बदलत राहा. मंगल पहिल्या लोकलने लोणावळ्याला कामावर गेली. मी गुडघाभर पाण्यात उतरून बांबू बांधत होते.

तेव्हा अमोलची गाडी आली. बरोबर एजंट. तो उतरला तोच टेप घेऊन, टाकीच्या काठावर टोक दाबलं आणि लांबी घ्यायला लागला. मी पाण्यातच उभी होते, त्याने नमस्कारसुद्धा केला नाही.

“टेप उचला,” मी म्हटलं. “आत माझे पेशंट आहेत.”

तो अमोलकडे बघायला लागला. अमोल लाल झाला होता. “आई, मी शब्द दिलाय त्यांना.”

“तू दिलास ना? मग तूच परत घे.”

एजंट गाडीत जाऊन बसला. अमोल पायरीवर बसला. बराच वेळ बोलला, आवाज न चढवता. भाडं दर महिन्याला येईल, तुझे गुडघे दुखतात, नातेवाईक हसतायत, लोक साठीला तीर्थाला जातात, दीक्षाभूमीला जातात, तू शिंपल्यात उतरलीस. मी म्हटलं, दीक्षाभूमीला जाऊन आलेय, तिथे मला कोणी स्वस्थ बस असं शिकवलं नाही. मग त्याने मनातलं विचारलं.

“हे सगळे मेले तर?”

“थोडे मरतीलच. उपकेंद्रातही सगळे वाचत नव्हते, म्हणून मी कुलूप लावलं नाही.”

तो जेवायला थांबला नाही. गाडी वळताना त्याचा चेहरा दिसला आणि मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. पोराशी असं बोलायची सवय मला नाही. पण पाण्यातून बाहेर आले नाही. बांबू पुरा बांधला.

चौथा आणि पाचवा दिवस

मंगलने सरांचं काम सोडलं. मी सोड म्हटलं नव्हतं. तिने त्यांना पगार वाढवायला सांगितलं, ते म्हणाले टाक्या धुणाऱ्या शंभर मिळतील, ती घरी निघून आली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे. ओट्यावर स्वच्छ चादर, उकळलेली हत्यारं, दोन स्टुलं. ती उघडून धरायची, मी साचा ठेवायची. पुढच्या दिवशी उलट, कारण तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मला पहिल्या तासात कळलं. साचे शिंपले आणले त्याच रात्री आम्हीच केले होते, कवचाची पूड आणि चिकट द्रव घालून. बाजारात देवदेवतांचे मिळतात. आम्ही पिंपळपान केलं. मंगलने विचारलं, हे कशाला, मी सांगितलं, बुद्धाच्या बोधिवृक्षाचं पान, आणि मग तिने तिच्यासाठी वीस भातलोंब्यांचे केले.

दोन दिवसांत सगळे झाले. जाळीच्या पिशव्यांतून पाण्यात सोडले. ओट्याखालचा फोन वाजत होता, मी उचलला नाही, हात भरले होते.

घरी

सातव्या दिवसापासून मरायला लागले. पहिल्या दहा दिवसांत एकूण सतरा. मेलेला लगेच काढावा लागतो, नाहीतर शेजारचे घेऊन जातो. म्हणून मी रोज सकाळच्या लोकलने मळवली आणि संध्याकाळी घोरावाडी करत राहिले. उन्हाळ्यात आणखी गेले. सरांच्या वर्गातला एकजण फोनवर म्हणाला की त्याच्या किटमधले शिंपले महिन्यातच मेले आणि मोती परत घेणाऱ्या सरांचा फोन आता लागत नाही. त्याला मी मळवलीला बोलावलं. शिकायचं असेल तर तुम्हीही या, पण आधी सांगते, मेलेले मोजायची तयारी ठेवून या. सोबत स्वेटर, गमबूट आणि जुनी टाकी. बाकी सगळं मावळात मिळतं.

मे महिन्यात मेलेल्या एका शिंपल्यात पिंपळपानावर थर सापडला. दुधाच्या सायीएवढा पातळ, पण कडेला गुलाबी झाक होती. मी तो रुमालात गुंडाळून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. अमोलने खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून बघितला. विकता येणार नाही ना, त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, कच्चा आहे. अजून किती, तर म्हटलं वर्षभर. तो म्हणाला, तेवढ्यात बंगल्याचं भाडं सुरू झालं असतं. मी म्हटलं, झालं असतं.

त्याचं म्हणणं बदललेलं नाही. माझंही नाही. टाकीत आज एकशे चार जिवंत आहेत आणि येत्या थंडीसाठी मंगलने आबांकडे आणखी दोनशे सांगून ठेवलेत.