किडकी वांगी

सोलापूरच्या मंडईत कुणी "कवळी वांगी" असं ओरडलं की मी आजही वाट बदलते. लहानपणी आमच्या गावच्या पेठेत, दगडी चौकात, आठवड्याचा बाजार भरायचा. एकदा तिथं कर्नाटकातली एक म्हातारी वांगी घेऊन बसली. मला कानडी कळायचं, म्हणून तिनं विचारलं, "एळे"ला मराठीत काय म्हणतात? एळे म्हणजे कवळी. मी सांगितलं, "किडकी."

दिवसभर ती "किडकी वांगी" ओरडत राहिली. सगळा चौक हसला, म्हणून तीही हसली. पाटी मात्र भरलेलीच राहिली. निघताना तिनं निवडून चार वांगी माझ्या ओंजळीत घातली आणि नव्या मराठीत म्हणाली, "घे पोरी, लई किडकी."

आईनं ती भरली. मी चाटूनपुसून खाल्ली.