ग्रहणातलं पाणी

आमच्या कॉलेजात दर शनिवारी खुली चर्चा असायची. खुली म्हणजे अगदीच खुली, कारण हॉल कधीच मिळायचा नाही आणि आम्ही बाहेर पाण्याच्या टाकीखाली बसायचो. इच्छामरण, आरक्षण, क्लोनिंग, लग्नाआधी एकत्र राहावं की नाही, आम्ही कशालाच सोडलं नाही. क्लोनिंगवर तावातावाने बोलणारे निम्मे जण बायोलॉजीत काठावर पास झालेले. फिजिक्सचे सर मधे खुर्ची टाकून बसायचे. मराठी, हिंदी, गुजराती, वाट्टेल त्या भाषेत बोला, पण ज्याला जे वाटतं ते त्याने तोंडावर बोलायचं, एवढाच त्यांचा नियम. मला तर तोंड बंद ठेवणं जमायचंच नाही.

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात सूर्यग्रहण आलं. त्यात सर्वपित्री अमावास्या, म्हणजे माझ्या आईच्या दृष्टीने डबल डोस. आणि वहिनीला सातवा महिना. आईने रत्नागिरीहून आणलेले सगळे नियम बाहेर काढले. ग्रहण सुटेपर्यंत वहिनीने चिरायचं नाही, शिवायचं नाही, खायचं नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, जागचं उठायचंही नाही. नाहीतर बाळात व्यंग येतं.

इकडे सरांनी जाहीर केलं की या वेळची चर्चा शनिवारऐवजी सोमवारी, ग्रहण चालू असतानाच घ्यायची, विषय ग्रहण आणि अंधश्रद्धा. मला आयतंच मैदान मिळालं. भाषणाची तालीम मी वहिनीसमोर करायचो, कारण घरात माझं ऐकून घेणारी ती एकटीच. मेथी निवडता निवडता एकदा तिने विचारलं, "म्हणजे पाणी प्यायलं तर खरंच काही नाही होत?"

"शून्य!" मी म्हणालो. "सूर्याला काय पडलंय, मीरा रोडला कोण पाणी पितंय त्याचं?"

ती हसली आणि परत मेथीकडे वळली.

त्या दुपारी टाकीखाली जेमतेम वीस जण जमले, बाकीचे घरी. वेल्डिंगच्या काचेतून सगळ्यांनी सूर्य बघून घेतला. उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखा दिसत होता. मग मी एका हातात समोसा धरून बोललो. एक मुद्दा, एक घास. काशीगावचा माझा मित्र मधेच ओरडला, "आमची आजी गाभण म्हशीला पन पानी दावत न्हाय आज!" काय हशा पिकला! टाळ्या घेऊन मी शेअर रिक्षाने घरी आलो. ग्रहण अजून सुटायचं होतं.

आई तळमजल्यावरच्या काकूंकडे जपाला बसली होती. दादा कामावर. वहिनी पडदे ओढलेल्या खोलीत चटईवर, घामाने निथळत, ओठ सुकलेले.

"भाऊजी, घसा पार कोरडा पडलाय हो. पाणी देता?"

मी ग्लास भरला. खोलीच्या दारापर्यंत आलो आणि तिथेच थबकलो. उद्या खरंच काही वेडंवाकडं निघालं तर? अख्खं भाषण पाठ होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. स्पष्टच सांगतो, माझी तंतरली.

"वहिनी, अर्धाच तास राहिलाय. जरा दम धर ना," मी म्हणालो.

 ती पोट सावरत उठली, माझ्या हातातून ग्लास घेतला आणि गटागटा प्याली. स्वयंपाकघरात जाऊन दुसरा भरला, तोही संपवला. "आईंना सांगायचं तर सांगा," म्हणाली आणि परत चटईवर जाऊन बसली.

आईला मी सांगितलं नाही. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण पुढच्या शनिवारी टाकीखाली उभं राहून मी छाती फुगवून सांगितलं, की मी माझ्या गरोदर वहिनीला ग्रहणात स्वतःच्या हाताने पाणी पाजलं! सर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते. लाज वाटली का? छे, मस्त वाटलं.

दिवाळीत काशीगावचा मित्र फराळाला आला. चकली मोडत आईला म्हणाला, "काकू, तुमचा पोरगा लय डेअरिंगबाज हाय. वहिनींना ग्रहनात पानी दिलंन!"

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. आईने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, संपलं, आता बाळंत होईपर्यंत ही बिचारी रोज बोलणी खाणार, आणि तीही माझ्या थापेपायी.

"हो, भाऊजींनीच दिलं," वहिनी शांतपणे म्हणाली. "मी नको नको म्हणत होते, ऐकेचनात."

आणि ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत राहिली. मी मुकाट्याने मान डोलावली.

"मेल्या!" आई कडाडली. "त्या लेकराला काही झालं ना, तर तुझं तोंड बघायची नाही मी!"

पुढचा दीड महिना बाळ जास्त हललं तरी मी, कमी हललं तरी मीच. मी वरवर हसून घ्यायचो. पण केबिन रोडच्या सायबर कॅफेत बसून ग्रहणाने गर्भाला काही होत नाही, हे मला आधीच माहीत असलेलं चार-चारदा वाचून काढायचो, आणि घरी आलो की भीती पुन्हा तिथेच.

डिसेंबरात मुलगी झाली. आई गावाला फोन लावायला हॉस्पिटलबाहेर गेली, दादा औषधं आणायला. वहिनी डोळे मिटून पडली होती. मी हळूच दुपटं सोडलं. ओठ बघितले, कान बघितले, हाताची बोटं बघितली. पायाची मोजताना पोरीने लाथ झाडली आणि माझा आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"दहाच आहेत, भाऊजी," वहिनी डोळे न उघडताच म्हणाली. "मी पण मोजलीत. दोनदा."