दत्तारामचा बोर्ड

सुलभावहिनींचा फोन आला तेव्हा मी हिंदमातेला एका दुकानात पडद्याचं कापड बघत होतो. दुकानदाराने हिरवा ताका उलगडून समोर टाकला होता आणि मी त्यावर तळहात एकदा सरळ, एकदा उलट फिरवत होतो. ही सवय मला दत्तारामने लावली. कापडाला लव असते आणि ती एकाच दिशेला झोपते, हे त्याच्याआधी मला कोणी सांगितलं नव्हतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "साहेब, हे गेले. सकाळी साडेनवाला." मी कशाने असं विचारलं नाही. ते मला ठाऊक होतं. गेली काही वर्षं मी या फोनची धास्ती घेऊनच वावरत होतो. तसा मी जात्याच घाबरट माणूस. बायको म्हणते, तुम्हाला काळजी करायला कारण लागत नाही, फक्त मोकळा वेळ लागतो. दत्तारामच्या बाबतीत मात्र कारण होतं. ते आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही, तिलासुद्धा नाही. आता त्याला जाऊन पाच आठवडे झाले. जमेल तसं लिहितो...

दादर पूर्वेला आमचा एक छोटा क्लब आहे. मोठ्या जिमखान्यांचा थाट इथे नाही. पत्त्यांची खोली, दोन कॅरम, वर्तमानपत्रांचं लांब टेबल, संध्याकाळी कांदाभजी, आणि मागच्या अंगाला बिलियर्डची खोली. दत्ताराम तिथला मार्कर. टेबल राखायचं, क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला चामड्याची टिप बसवायची, आणि खेळ चालू असताना भिंतीशी उभं राहून स्कोर पुकारायचा, हे मार्करचं काम. मार्करने सभासदांसमोर बसायचं नाही आणि खेळायचं तर मुळीच नाही, असा आमच्याकडचा जुना रिवाज. कोणी लिहून ठेवलेला नाही, पण सगळे पाळतात. रोज सकाळी तो टेबल ब्रशने झाडायचा आणि मग त्यावरच्या हिरव्या लोकरी बनातीवर जड इस्त्री फिरवायचा. इस्त्री तापली की आधी जुन्या पेपरवर टेकवून बघायची, कागद पिवळा पडला तर थांबायचं. मग एकाच दिशेने, मध्ये कुठेही न थबकता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो इस्त्री करत असताना खोलीत बोललेलं त्याला चालत नसे. आमचे अध्यक्षसुद्धा दाराशी उभे राहून वाट बघत.

त्याचा स्कोरबोर्ड सागवानी, भिंतीला ठोकलेला. दोन खेळाडूंच्या दोन पट्ट्या, प्रत्येकीवर दोन पितळी काटे. एक काटा एकेक गुणाचा, दुसरा वीस-वीसचा. दत्तारामचे वडील गिरणीत होते आणि ते सगळं विसात मोजायचे, म्हणून हाही 'सत्त्याऐंशी' म्हणायच्या ऐवजी 'चार विसा आणि सात' असं पुकारायचा. सपाट आवाजात, कोण जिंकतंय कोण हरतंय याच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखा. मी क्लबात नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका ज्येष्ठ सभासदांशी अटीतटीचा डाव चालला होता. मी वाकून फटका मारला आणि बाही चेंडूला निसटती लागली. समोरच्यांना दिसलं नाही. मला कळलं होतं. मी गप्प राहिलो. भिंतीपासून आवाज आला, "फाउल, साहेब." मी तावातावाने म्हटलं, "कुठे लागली रे?" तो म्हणाला, "बाहीला विचारा." खोलीत हशा पिकला, माझे कान लाल झाले. पुढचे चार दिवस मी क्लबात फिरकलो नाही. पाचव्या दिवशी गेलो तर त्याने माझी क्यू पुसून, नवी टिप बसवून ठेवली होती. तेव्हापासून आमची दोस्ती. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला साहेब म्हणायचा, आणि तरी आमच्या दोघांत वचक त्याचाच होता.

टाळेबंदी लागली त्या वर्षी क्लबाचा मानद सचिव मी होतो. दुसऱ्या कोणाला नको होतं म्हणून माझ्या गळ्यात पडलेलं पद. एका दिवसात दिवे मालवले. भटारी आणि दोन्ही वेटर मिळेल त्या टेम्पोने गावाला गेले. आमचे सभासद बहुतेक सत्तरीच्या पुढचे, त्यातले निम्मे एकटे राहणारे. त्यांना संध्याकाळचे चार वाजले की काय करावं ते कळेना. दत्तारामची वेगळीच तगमग. "साहेब, पुढे पावसाळा आहे. टेबल बंद खोलीत राहिलं तर बनात ओल धरणार. मग ती गेलीच म्हणून समजा." मी त्याला ये-जा करायला पत्र दिलं. माझ्या सहीचं. तो करी रोडहून चालत यायचा आणि चालत जायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या चाळीत दोन रुग्ण सापडले आणि चाळ बंद करायला जिन्याला बांबू लागले. तेव्हा तो क्लबात होता. मी म्हटलं, "आत गेलास तर अडकशील. थोडे दिवस इथेच राहा. पत्त्यांच्या खोलीत सोफा आहे, पंखा आहे." मला वाटलं मी फार शहाणपणाचं बोललो. सुलभावहिनी फोनवर म्हणाल्या, "तुमचा टेबल जपायला माझा माणूस ठेवलात होय?"

थोडे दिवस म्हणता म्हणता दोन महिने झाले. तेवढ्या काळात एक गंमत घडली. पारसनाना म्हणून आमचे एक विधुर सभासद, ते एके दिवशी उगाचच क्लबाचा लँडलाइन फिरवून बसले. कोणी उचलणार नाही हे धरूनच. दत्तारामने उचलला. "बोला, नाना. टेबल झाडून झाला." नानांनी ही बातमी फोनाफोनी करून सगळीकडे पसरवली. मग रोज चारच्या सुमारास सात-आठ म्हातारे आळीपाळीने फोन करू लागले. दत्ताराम प्रत्येकाला सांगायचा, आज इस्त्री झाली, पंखा कुरकुरतो, मांजरी व्यायली, तुमचा चष्मा पत्त्यांच्या टेबलावर राहिलाय तो उचलून ठेवलाय. कमिटीच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये एकाने सूचना आणली की बिलियर्डचं टेबल एवीतेवी पडूनच आहे, काढून टाकू आणि खोली भाड्याने देऊ. दत्तारामच्या कानावर ते कसं गेलं कोण जाणे. मला एवढंच म्हणाला, "खोली चालू आहे म्हणून सांगा त्यांना." टेबल गेलं की मार्कर गेला, हे त्याला आणि मला दोघांनाही कळत होतं.

मे अखेरीस क्लबाने ऑक्सिमीटर घेतले. त्यातला एक, एक थर्मामीटर आणि थोडा किराणा घेऊन मी स्वतः गेलो. आता खरं लिहायचं ते इथेच. त्या दिवशी माझा घसा खवखवत होता आणि सकाळपासून अंग मोडून आलं होतं. मी मनाशी म्हटलं, उन्हाने असेल. गेटपाशी दत्ताराम आला. पिशवी देताना मी मास्क हनुवटीवर ओढून त्याला ऑक्सिमीटर कसा लावायचा ते दाखवलं, कारण मास्कमधून माझं बोलणं त्याला ऐकू येईना. पाच-सात मिनिटं झाली असतील. घरी आल्यावर मला ताप भरला. दोन दिवस होता. आम्ही वाफ घेतली, काढा प्यायलो, तपासणी केली नाही आणि बिल्डिंगमध्ये कळू नये म्हणून गप्प बसलो. दत्तारामला फोन करून सांगायला हवं होतं. रोज ठरवत होतो. रोज तो चारला फोन करून आकडे पुकारायचा, "ताप नाय. ऑक्सिजन चार विसा आणि अठरा." म्हणजे अठ्ठ्याण्णव. ते ऐकलं की माझा जीव भांड्यात पडायचा आणि सांगायचं राहून जायचं.

दहाव्या दिवशी चारचा फोन आला नाही. सव्वाचारला पारसनानांचा आला, "अरे, तो उचलत नाही." मग आणखी दोघांचे. मी पायात चपला सरकवून निघालो. नाक्यावर पोलिसाने हटकलं, त्याला काय सांगितलं ते आठवत नाही. क्लबाचं दार आतून बंद. हाका मारल्या, कडी वाजवली. मांजरीखेरीज कोणी आलं नाही. मी मागच्या बाजूला जाऊन बिलियर्डच्या खिडकीला नाक लावलं. टेबल नेहमीसारखं, इस्त्री केलेलं. समोर बोर्ड. आणि बोर्डावर स्कोर लागलेला! वरच्या पट्टीवर पाच विसा आणि एक. खालच्या पट्टीवर चार विसा आणि अकरा. क्षणभर मला आनंदच झाला. म्हटलं, लबाडा, रिवाज मोडून एकटाच दोन्ही बाजूंनी खेळतोस काय? मग टेबलाच्या कडेवर मला थर्मामीटर दिसला आणि त्याच्याशेजारी ऑक्सिमीटर. टेबलाच्या कडेवर तो कोणाला पानसुपारीचा डबासुद्धा ठेवू देत नसे. ताप एकशे एक. ऑक्सिजन एक्याण्णव.

काच ठोकल्यावर टेबलाच्या पायाशी काहीतरी हललं. तो खाली जमिनीवर चादर टाकून झोपला होता. दोन महिने तो सोफ्यावर टेकलासुद्धा नव्हता, हे मला तेव्हा कळलं. भिंत धरत धरत तो खिडकीशी आला आणि आधी हाताने मला मागे सारल्यासारखं केलं. "लांब रवा, साहेब."

"काल मला अठ्ठ्याण्णव सांगितलंस ना रे?"

तो धापा टाकत राहिला. मग म्हणाला, "फोनवर खोटा सांगितला... खरा सांगून टाकला असता तर खोलीला सील लागला असता. मग ते टेबल काढणार. पण बोर्डार खोटा लावूक हात जायना."

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा चुकीचा स्कोर पुकारला होता, आणि तोही मला. मी तिथेच त्याला सांगायला हवं होतं, की दत्ताराम, मीही तुला खोटंच सांगितलंय, न बोलता. पण मी ॲम्ब्युलन्सचा नंबर फिरवत राहिलो. तासाभराने अंगभर पांढरे कपडे घातलेली दोन माणसं त्याला घेऊन गेली. जाताना तो मागे वळून म्हणाला, "इस्त्रीचा प्लग काढलाय." त्यापुढचे सतरा दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. सुलभावहिनींना फोन करायचा धीर होईना आणि न करता राहवेना. त्या शिव्या देतील असं वाटायचं. त्या म्हणायच्या, "तुम्ही गेलात म्हणून सापडले हो. देवासारखे गेलात." ते ऐकण्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

तो बरा झाला. टेबलही राहिलं, कारण पारसनानांनी मीटिंगमध्ये असा काही आवाज चढवला की सूचना मांडणारेच स्क्रीनवरून गायब झाले. क्लब उघडल्यावर दत्ताराम पुन्हा भिंतीशी उभा राहिला, पण आवाज गेला होता. स्कोर पुकारताना मध्येच दम लागायचा. 'चार विसा' म्हटल्यावर थांबायचा, आणि खेळणारे क्यू हातात धरून उरलेल्या आकड्याची वाट बघायचे. कोणी घाई केली नाही. आम्ही त्याच्यासाठी भिंतीशी स्टूल ठेवलं. त्यावर तो शेवटपर्यंत बसला नाही, फक्त खडू ठेवायचा. मग जिने चढवेनात, मग चालवेना, मग घरीच राहिला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं त्या आजारातच खराब झाली.

शेवटचा भेटायला गेलो तो हे सगळं सांगायचं ठरवून. करी रोडच्या त्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. वहिनी चहा टाकायला वळल्या आणि मी खुर्ची त्याच्या कॉटजवळ ओढली. त्याने बोट पुढे केलं. बोटाला तेच यंत्र, मी गेटवर दिलेलं. चष्मा नव्हता, आकडा त्याला दिसत नव्हता. "किती, साहेब?" मी बघितलं. चौऱ्याऐंशी. म्हटलं, "पंच्याण्णव आहे. मस्त आहे." त्याने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग तो हसला, अगदी बारीक.

"तुम्हाला मार्कर नाय ठेवणार कोण," तो म्हणाला.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी तो प्यायलो आणि निघालो. सांगायचं ते राहिलंच. माझ्यामुळेच त्याला लागण झाली का, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. कदाचित दूधवाल्याकडून झाली असेल, कदाचित आणखी कुठून. पण फाउल झाला होता एवढं नक्की. बाहीला विचारायची गरज नव्हती.

परवा सकाळी क्लबात गेलो. बिलियर्डच्या खोलीत कोणी नव्हतं. नुकतीच इस्त्री झालेली, खोलीला गरम लोकरीचा वास. मी बोर्डापाशी गेलो आणि खालच्या पट्टीवरचे काटे सरकवले. चार विसा आणि चार, चौऱ्याऐंशी. पितळ गार होतं. मग मोठ्याने, जमेल तेवढ्या सपाट आवाजात म्हटलं, "त्या दिवशी मला ताप होता, दत्ताराम." आपलाच आवाज ऐकून दचकलो. मागे दारात नवा मार्कर उभा होता, हातात ब्रश. त्याने काय ऐकलं, काय नाही, देव जाणे. बोर्डाकडे बघून त्याने विचारलं, "साहेब, कोण खेळत होतं? शून्यावर आणू?"

"राहू दे थोडा वेळ," मी म्हटलं. "स्कोर खरा आहे."