कंपनीचा जावई

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. एखादी बिघडलेली वस्तू घ्या, तिच्यासोबत गॅरंटीचा कागद घ्या आणि स्वस्थ बसा. किस्से आपल्या पायांनी चालत घरी येतात आणि चहा घेतल्याशिवाय जात नाहीत!

चिंचणीजवळच्या कोळीवस्तीत मी मास्तर होतो. मच्छीमार सोसायटीत इंग्रजी लिहिणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला. साठच्या त्या दशकात पोरांना मी पाढे किती शिकवले ते देव जाणे. एका रेडिओ कंपनीला पत्रं मात्र भरपूर लिहिली. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्यावरही त्यांचं उत्तर यायचं, ‘डीलरला भेटा.’

रेडिओ हौसेखातर घेतला नव्हता, हे आधी सांगतो. हिराआयचा नवरा गणपत तुफानात होडीसकट गेला. त्या संध्याकाळी मुंबई केंद्राने समुद्रात जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. पण ऐकणार कोण? अख्ख्या वस्तीत रेडिओ नव्हता. त्याचे दिवसकार्य झाल्यावर सोसायटीने ठराव केला आणि बॅटरीवर चालणारा मोठा रेडिओ घेतला. तो ठेवला हिराआयच्याच पडवीत. एरियल बांधायला उंच माड तिच्याच दारात होते आणि पहिला हक्कही तिचाच, असं सगळ्यांचं मत पडलं.

त्या नारळी पौर्णिमेला तिने आपल्या एकुलत्या एका मुलाच्या, काशिनाथच्या, हातात दर्याला वाहायचा नारळ दिला आणि सगळ्यांसमोर वदवून घेतलं, “रेडिओवर हवा ऐकल्याबिगर होडी नाय सोडणार.”

दर्याच्या नारळावरची शपथ आमच्याकडे कोणी मोडत नाही. काशिनाथने ती हसत हसत घेतली. रेडिओ बोलणार नाही, हे तेव्हा त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक होतं?

*

उद्घाटनाला चेअरमन दामू तांडेल टोपी घालून आले. रेडिओला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. दामूतात्यांनी बटण फिरवलं.

रेडिओने एक लांबलचक शिट्टी मारली आणि गप्प झाला. पुन्हा फिरवलं. गप्प! बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

दामूतात्या म्हणाले, “नवा जावई हाय. सासुरवाडीत लाजतो.”

तेव्हापासून त्याचं नाव जावई पडलं. लाजणं दोन-चार दिवसांचं असतं. आमचा जावई पुढे रुसला, आणि तो रुसवा काही निघेना.

*

पालघरला स्टेशनजवळ आमचा डीलर होता. सगळे त्याला शेठ म्हणत. रेडिओ बैलगाडीत घालून बोईसरला, तिथून आगगाडीने पालघरला, आणि मग डोक्यावर घेऊन दुकानात, अशी त्याची वरात आम्ही काढली. धक्का लागू नये म्हणून दामूतात्या वाटभर त्याला मांडीवर घेऊन बसले होते.

शेठने तार जोडली, बटण फिरवलं. जावई घसा मोकळा करून गायला लागला! रस्त्यावरची माणसं थांबून ऐकू लागली.

शेठ म्हणाला, “रेडिओ फर्स्ट क्लास आहे. तुमच्या गावातच काहीतरी गडबड आहे.”

दामूतात्यांनी शांतपणे विचारलं, “मग गॅरंटीत गाव बदलून देता का?”

परत आणला, पडवीत ठेवला, बटण फिरवलं. खर्रर्र!

*

मी कंपनीला लिहिलं. कंपनीने कळवलं, डीलरला भेटा. डीलर म्हणाला, कंपनीला लिहा. पुष्कळ दिवस मी या दोघांमधला टपालवाला झालो होतो. दमून जायला होई. शाळेत पोरगं म्हणायचं, “मास्तर, गणित चुकलं,” आणि माझ्या तोंडून निघायचं, “डीलरला भेट!”

शेवटी एकदाचं कंपनीचं खरंखुरं उत्तर आलं. छान जाड कागद, सुबक टाइप केलेलं. मी पडवीत सगळ्यांना वाचून दाखवलं. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेमुळे झालेला बिघाड गॅरंटीत येत नाही. तरी सेट समुद्रापासून दूर ठेवावा.

समोर पन्नास पावलांवर भरतीचं पाणी वाजत होतं.

दामूतात्या म्हणाले, “कोळ्यांना रेडिओ विकताना यांना दर्या नाय दिसला? आता दर्या सरकवायचा का आमी?”

हिराआय बोंबील साफ करत होती. तिने मला ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. “खारी हवा,” ती स्वतःशीच म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

*

त्या काळी रेडिओला लायसन लागायचं, ते पोस्टात काढायचं. मुदत संपली तसा पोस्टमास्तरांचा निरोप आला, लायसन नवं करा.

मी जाऊन म्हटलं, “अहो, पण तो बोलतच नाही!”

पोस्टमास्तर सज्जन होते. चष्मा पुसत म्हणाले, “मास्तर, लायसन ठेवण्याचं असतं, ऐकण्याचं नसतं.”

म्हणजे मुक्या जावयाचाही मान द्यायचाच! दिला.

*

रेडिओ कधीच बोलत नसता तरी परवडलं असतं. आशा सुटली असती. तो मधूनच बोलायचा, त्याचाच ताप होता.

एका संध्याकाळी हवामानाच्या वेळेला अगदी ठणठणीत आवाज आला. पडवीत गर्दी झाली. निवेदक म्हणाले, “मच्छीमारांनी समुद्रात...”

खर्रर्र!

दामूतात्यांनी त्याच्या पाठीत थापटी मारली. कोणी बॅटरी हलवली, कोणी माडावरची तार हलवली. पुढचा शब्द काही आला नाही.

मग वाद पेटला. ‘जावे’ की ‘जाऊ नये’? एक म्हणाला, जायला काय हरकत नाही, असंच असणार. दुसरा म्हणाला, जायचं असतं तर ते सांगतीलच कशाला? अखेर दामूतात्यांनी निकाल दिला, “ज्याला बायको जा बोलेल त्यानं जावं.”

सकाळी झाडून सगळ्या होड्या गेल्या!

गेला नाही तो फक्त काशिनाथ. बायको नव्हती म्हणून नव्हे, शपथ होती म्हणून. होड्या मासळीने भरून आल्या, तेव्हा तो काठावर जाळं शिवत बसला होता. मान वर केली नाही त्याने. मला फार वाईट वाटलं.

त्याच दिवशी त्याने आईला विनवलं, “आय, सोडव ना शपथेतून.”

“मी कोण सोडवणारी? रेडिओला सांग.”

“तो बोलत नाय गं!”

“मग तारापूरच्या कामावर जा. तिथं खलाशी घेतात.”

तारापूरला तेव्हा वीजघराचं मोठं सरकारी काम चाललं होतं. अवजड लोखंड दोरांनी चढवायला-उतरवायला दर्यावरची माणसं लागत. ट्रक नाक्यावर येई, ड्रायव्हर हिंदीत हाका मारी, “चलो भाई, जल्दी!” रेडिओ मुका असेल त्या दिवशी काशिनाथ डबा घेऊन ट्रकमध्ये चढायचा. रोजंदारी मिळायची. पण तोंड असं करून जायचा की वाटावं, याला कोणी बांधून नेतंय.

*

मुंबईहून मेकॅनिक यायचा. नाडकर्णी. माणूस गोड, हातात चामडी पेटी, अंगाला अत्तराचा वास. तो उंबऱ्यात आला की जावई आपणहून बोलायला लागायचा. नाडकर्णी पेटी न उघडताच विचारायचा, “कुठे आहे बिघाड?”

मग जेवण. नाडकर्णी मासे खाणारा, आणि हिराआय त्याच्यासाठी वस्तीतलं सगळ्यात मोठं पापलेट राखून ठेवायची. तो तृप्त होऊन बोईसरची गाडी पकडायचा. गाडी पालघरला पोचते न पोचते तोच रेडिओ बंद!

दामूतात्यांना संशय आला. “आय, तू पापलेट बंद कर. बघ रेडिओ चालू होतो की नाय!”

पण हिराआयने पापलेट बंद केलं नाही. ज्या बाईला या रेडिओची सगळ्यात जास्त गरज, ती त्याच्यावर कधीच चिडत कशी नाही, याचं मला नवल वाटायचं. मी कंपनीला पत्रातून शिव्या घालत होतो, दामूतात्या तोंडाने घालत होते. ती मात्र संध्याकाळी रेडिओवरची धूळ पुसून वर फडकं घालायची.

एकदा नाडकर्णी आला तर एरियलच्या तारेवर बोंबील वाळत घातलेले! शेजारणींना आयती ताणलेली तार मिळाली होती. नाडकर्णीने कपाळाला हात लावला.

“अहो, ही तार म्हणजे रेडिओचा कान आहे, कान!”

हिराआयने विचारलं, “ही तुटली तं काय ऐकू नाय येत, भाऊ?”

“अजिबात नाही. रेडिओ कितीही चांगला असू दे.”

“असं होय,” ती म्हणाली आणि बोंबील काढून घेतले.

*

शेवटी काशिनाथ स्वतःच मुंबईला कंपनीच्या ऑफिसात गेला. सोबत मला नेलं. त्याने ट्रंकेतला धुतलेला सदरा घातला होता.

एका खिडकीवर सांगितलं, दुसऱ्या खिडकीवर जा. दुसरीवर सांगितलं, साहेब जेवायला गेलेत. साहेब जेवून आले तेव्हा खिडकी बंद झाली होती. आम्ही बाकावर बसून राहिलो. समोर भिंतीवर मोठी पाटी होती, ‘ग्राहकांचे समाधान हाच आमचा आनंद.’ एवढा दुःखी आनंद मी दुसरीकडे पाहिला नाही!

संध्याकाळच्या सुमारास एक साहेब बाहेर आले. काशिनाथ त्यांच्या वाटेत आडवा उभा राहिला.

“काय तक्रार आहे?”

“बोलत नाय.”

“कोण?”

“तुमचा रेडिओ. आनि तुमीपण.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं, त्याच्या हातांकडे पाहिलं. मग आत जाऊन कोणाशी तरी मोठ्याने भांडले. इतक्या वर्षांत त्या कंपनीत ऐकणारा तेवढा एकच माणूस मला भेटला.

*

आणि नवा सेट आला! नाडकर्णीने स्वतः आणला. जुना जावई उचलला, नवा बसवला, तार जोडली. त्या संध्याकाळी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबई केंद्र लागलं. निवेदकांनी सावकाश, स्वच्छ सांगितलं, समुद्र शांत राहील. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत!

काशिनाथ ओरडलाच. धावत जाऊन होडीत जाळं टाकून आला. दामूतात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही वाटलं, सुटलो बुवा, पत्रं संपली.

सकाळी काशिनाथची होडी गेली. मी शाळेत जाताना हिराआय काठावर बसली होती. मधल्या सुट्टीत पाहिलं, तिथेच. शाळा सुटली तेव्हाही तिथेच. पोटात अन्न नाही, तोंडात पाणी नाही, डोळे पाण्यावर. गणपतच्या वेळी ती अशीच बसली होती. होडीचं शीड दिसलं तेव्हा उठली आणि घरी गेली. होडी मासळीने भरली होती. काशिनाथ गात होता.

दुसऱ्या संध्याकाळी नवा रेडिओ मुका!

दामूतात्यांनी कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या. मी कंपनीला तार केली. नाडकर्णी धावत आला. या खेपेला तो उंबऱ्यात येऊनही रेडिओ बोलला नाही. त्याने पेटी उघडली, सेट तपासला, सगळं ठीक होतं. मग त्याने वर माडाकडे पाहिलं. एरियलची तार मधोमध तुटून लोंबत होती. त्याने टोक हातात धरलं. टोक सरळ होतं, चकचकीत होतं.

हिराआय पायरीवर बसून कोयतीने बोंबील चिरत होती.

“हिराआय, ही तार कशी तुटली?”

तिने मान वर केली नाही. “खाऱ्या हवेनं, भाऊ. तुमच्या कंपनीनंच लिहिलंय ना.”

काशिनाथ पुढे झाला. त्याने नाडकर्णीच्या हातून तार घेतली. रोज जाळ्याला गाठी मारणारा माणूस, त्याला ती जोडायला कितीसा वेळ लागला असता? त्याने टोकाकडे पाहिलं, आईच्या हातांकडे पाहिलं. मग तार हळूच खाली ठेवली. नाक्यावर ट्रकचा हॉर्न वाजला तसा कोनाड्यातला डबा घेतला आणि निघाला.

“जोडा ना तार, साहेब!” दामूतात्या ओरडले. “बघता काय?”

नाडकर्णीने पेटी बंद केली.

“नाही जमणार, चेअरमन. खारी हवा गॅरंटीत येत नाही.”

दुपारी तो जेवायला बसला. हिराआयने त्याच्या ताटात दुसरं पापलेट वाढलं.